रडणारं चाक

बसस्थानकाच्या तिसऱ्या फलाटावर सकाळी साडेसहालाच इतकी माणसं जमली होती, की दुसरी बस लावायला जागा उरली नव्हती. आणि ही माणसं प्रवासाला निघालेली नव्हती. कुणाच्या हातात पिशवी नाही, डबा नाही. सगळ्यांच्या नजरा मोठ्या दवाखान्याला जाणाऱ्या एका उभ्या बसच्या मागच्या डाव्या चाकावर होत्या. पुढचे गुडघ्यांवर बसले होते, मागचे टाचा उंचावून माना लांब करत होते, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते पुढच्यांना विचारत होते, "आलं का?"

"आलं," पुढून कुणीतरी म्हणालं. "आज चौथ्यातूनपण आलं."

चाकाची लोखंडी तबकडी पांढरीशुभ्र रंगवलेली होती. तिच्यावर गोलाकार आठ नट. त्यातल्या चार नटांच्या बुडातून तांबडे ओघळ निघून पार काठापर्यंत गेले होते. पांढऱ्यावर तांबडं, त्यामुळे लांबूनही नजरेत भरायचं. खरं सांगायचं तर रडून रडून डोळे लाल झालेल्या माणसासारखंच ते चाक दिसत होतं.

चाकासमोर चटईवर पायघोळ पांढरा झगा घातलेला एक माणूस डोळे मिटून बसला होता. हा चक्रबाबा. हे नाव त्याला मिळून जेमतेम दहा दिवस झाले होते. दोन वर्षांपूर्वी हाच इसम याच स्थानकावर 'एक थेंब टाका, चष्मा फेका' असं ओरडत डोळ्यांचं औषध विकायचा. मध्ये गायब झाला, परत आला तो झगा घालूनच. लोक डोळ्यांचं औषध विसरले होते. तो डोळ्यातलं पाणी विसरला नव्हता, एवढंच.

"याला चाक म्हणू नका," तो संथ सुरात बोलत होता. "हे कालचक्र आहे. आठ नट म्हणजे आठ दिशा. दिशा रडतायत. कुणासाठी? तुमच्यासाठी. तुमची दुःखं हे चाक अंगावर घेतं आणि तांबड्या थेंबांनी बाहेर टाकतं. तुम्ही तिकीट काढता दवाखान्याचं, आणि हे तुम्हाला नेतं थेट मुक्तीला."

हे शेवटचं वाक्य, त्याला वाटत होतं त्यापेक्षा बरंच जास्त खरं होतं.

मग त्याच्या दोन शिष्यांपैकी एकानं तांब्याभर पाणी चाकावर ओतलं. पाणी नटांवरून ओघळलं आणि खाली टपकलं ते गढूळ तांबडं. लोकांनी हात पुढे केले. कुणी डोळ्यांना लावलं, कुणी गुडघ्यांना. एका बाईनं ते बाटलीत भरून घेतलं.

मी या सगळ्यांच्या मागे, आमच्या वर्कशॉपच्या दारात उभा होतो. सहा बस असलेल्या त्या छोट्या कंपनीत मी फिटर. चाकं, ब्रेक, पाटे, जे काही बसच्या पोटाखाली असतं ते माझ्याकडे. स्थानकावर मला सगळे 'पुरावा' म्हणायचे. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागला, की मी विचारायचो, "पुरावा काय?" म्हणून ते नाव पडलं, आणि खरं तर मला ते आवडायचं. सुटीच्या दिवशी मी शाळांमध्ये जाऊन बुवाबाजीचे प्रयोग दाखवायचो. हवेतून राख कशी काढतात, पाण्यानं दिवा कसा पेटवल्यासारखा भासवतात, वगैरे. मुलं टाळ्या वाजवायची. मला फार बरं वाटायचं.

त्या सकाळी त्या गर्दीत ते ओघळ कशाचे आहेत हे पक्कं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो तोंड बंद ठेवून उभा होता.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी मालकांना मोठ्या दवाखान्यापर्यंतचा नवा मार्ग मिळाला. "पुरावा, चाकं पांढरी करून घे. गाडी जरा देखणी दिसू दे," ते म्हणाले. मी मागची चाकं उतरवली. रंगाऱ्यानं दोन हात रंग दिला, आतून-बाहेरून, जिथे द्यायला नको तिथेही. दुसऱ्या दिवशी मी चाकं बसवली, आठही नट लांब पान्यानं आवळले. इथपर्यंत सगळं रीतीनं झालं. पण चाक काढून बसवलं की काम तिथे संपत नाही. गाडी पन्नास-शंभर किलोमीटर फिरून आली की नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. नव्या रंगाचा थर दाबानं चेपतो, पत्रे बसतात, आणि आधी घट्ट असलेला नट आपोआप सैल पडतो. हे मला कालपरवा कळलेलं नाही. बावीस वर्षं मी हे करत आलो.

बस दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी करून परतली. मी पाना घेऊन निघालो आणि घड्याळ पाहिलं. चार वाजता एका शाळेत माझा कार्यक्रम होता, 'चमत्कारांमागचं विज्ञान'. दहा मिनिटांचं काम होतं. म्हटलं, उद्या करू. पण बसच्या कार्डावर 'नट पुन्हा आवळले' असा रकाना असतो, आणि त्यात सही नसेल तर बस सकाळी सुटत नाही. मी सही केली. उद्या दुसरं काम निघालं, परवा तिसरं. मग विसरलो.

दहाव्या दिवशी चाक रडायला लागलं.

पहिल्यांदा ते दिसलं आमच्या मावशीला. मावशी म्हणजे रोज पहाटे सगळ्या बस धुणारी बाई, साठीला टेकलेली, हातात कायम फडकं. तिनं नेहमीसारखं ते पुसून टाकलं. पण संध्याकाळी ओघळ पुन्हा आले, कुणीतरी फोटो काढला, आणि चक्रबाबाला धंदा मिळाला. आता बस फेऱ्यांच्या मधला सगळा वेळ तिसऱ्या फलाटावर उभी राहायची, रात्रीही तिथेच, आणि शिष्यांपैकी एक जण चाकाशी बसून असायचा.

पहिल्या दोन दिवसांत मी एकदा प्रयत्न केला. पाना पाठीमागे धरून, हवा बघतो असं सांगत चाकापाशी वाकलो. शिष्यानं माझा दंड धरला.

"लोखंड लावायचं नाही. बाबांची आज्ञा आहे."

"अरे, चाकच लोखंडाचं आहे."

"ते पवित्र लोखंड."

आवाज चढला तसे मालक बाहेर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोक उगाच चिडतील. गाडी भरून जातेय, जाऊ दे की." मग थांबून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "का रे? काही बिघाड आहे का? तसं असेल तर सांग. आत्ता गाडी उभी करतो, बाबा काय म्हणायचं ते म्हणू दे."

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मालकांना दोष देता आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं. सांगायचं म्हणजे कार्डावरच्या सहीबद्दल सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "नाही, सहज बघत होतो."

नंतर बस चालवणारे काका आले. शांत माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "मागून टकटक आवाज येतोय," ते म्हणाले. "हळू चाललो की जास्त. बाबा म्हणतात चाक जप करतंय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू एकदा बघावंस."

"बघतो," मी म्हणालो.

आणि मग मावशी आली. मी दुपारी डबा खात होतो. ती माझ्यासमोर पालथ्या बादलीवर बसली.

"पुरावा, मला एक सांग. त्या चाकाचे डाग मी पहिल्या दिवशी पुसले ना, ते फडकं रक्ताचं समजून मी गार पाण्यात भिजत टाकलं. रक्त गार पाण्यात सुटतं. हे सुटलं नाही. साबण लावला, तरी नाही. मग लिंबू चोळलं, तर साफ निघालं. लिंबानं काय निघतं? गंज. माझ्या बादलीच्या कडीचे डाग तसेच निघतात."

"हं."

"बरं, रडायचंच होतं तर आठही नटांनी रडावं. तीनच का रडले, मग चार का? माझं शिक्षण नाही, पण डागांतच आयुष्य गेलंय माझं. तो नट आत हलत असेल, घासत असेल, म्हणून गंजाची भुकटी निघत असेल. ढिले आहेत का रे ते?"

घास माझ्या हातातच राहिला. जे मी शाळाशाळांतून सांगत फिरत होतो, बघा, तपासा, प्रश्न विचारा, ते सगळं या बाईनं कुणी न शिकवता केलं होतं. आणि योग्य माणसाकडे येऊन विचारलं होतं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "घट्ट आहेत. मी स्वतः आवळलेत."

ती उठली, बादली सरळ केली. "मग झालं. तू सांगतोस म्हणजे तसंच असणार."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. मनाशी मी हिशेब मांडायचो, की चार नट सैल असले तरी चार घट्ट आहेत. रस्ता छोटा आहे. शनिवारी बस तेलपाण्यासाठी वर्कशॉपमध्ये घेतील, शिष्य दूर होतील, तेव्हा गुपचूप आवळून टाकू, कुणाला कळणारही नाही. म्हणजे बाबा लोकांना सांगत होता की धीर धरा, चाक सांभाळून घेईल. आणि मी स्वतःला नेमकं तेच सांगत होतो. फरक इतकाच, की त्याला नट म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी पाच ओघळ दिसले. सहाव्या नटाभोवतीचा रंग उडून आतलं लोखंड चकाकत होतं. ते मी लांबूनच पाहिलं आणि तसाच घरी परतलो.

माझी बायको मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते. रोज सव्वासातच्या त्याच बसनं जाते. त्या दिवशी ती चप्पल घालत होती, तेव्हा मी म्हणालो, "आज आपल्या बसनं जाऊ नको. दुसरी धर."

"का हो?"

"गर्दी फार असते. त्या बाबाची माणसं."

"मग दोनदा बदलावी लागेल. उशीर होईल मला."

"होऊ दे. ऐक माझं."

तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि निघाली.

पावणेआठला मालकांचा फोन वाजला. त्यांचा चेहरा बघून मला विचारावं लागलं नाही.

बाजारपेठ संपून रस्ता पुलाकडे उतरतो, तिथे ती बस डाव्या बाजूला कलून उभी होती. मागच्या जोडचाकांपैकी बाहेरचं चाक निघून गेलं होतं, आतलं चाक तिरकं होऊन पत्र्यात अडकलं होतं, आणि रस्त्यावर मागे लांबच लांब ओरखडा उमटला होता. काकांनी गाडी आवरली होती. बेचाळीस माणसं खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. काका पायरीवर बसले होते.

सुटलेलं चाक बसला मागे टाकून उतारावरून एकटंच पुढे गेलं होतं. माणसाएवढ्या वजनाचं चाक, उतारावर वेग घेतलेलं. शंभरेक पावलांवर टपाल वाटणारी बाई सायकल घेऊन रस्ता ओलांडत होती. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण चाकाला भोंगा नसतो. तिला उडवून ते औषधांच्या दुकानाच्या भिंतीला जाऊन टेकलं. मी पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. सायकलीची घडी झाली होती. रस्ताभर पत्रं विखुरली होती, आणि शाळेत निघालेल्या दोन मुली ती एकेक उचलून दुकानाच्या कट्ट्यावर रचत होत्या.

मीही वाकून पत्रं उचलायला लागलो. दुसरं काही सुचेना.

चक्रबाबा त्याच्या जीपमधून आला. त्यानं ओरखडा पाहिला, माणसं मोजली, आणि क्षणभर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा एक क्षण तोही माझ्यासारखाच घाबरला होता. पण पुढच्याच क्षणी त्यानं हात वर केले.

"बेचाळीस," तो म्हणाला. "मोजून घ्या. बेचाळीस जीव या चाकानं स्वतः बाजूला होऊन वाचवले. बस उलटणार होती, पुलाखाली जाणार होती. चाकानं ओळखलं आणि संकट घेऊन ते पुढे धावलं. आजवर रडत का होतं, कळलं का आता?"

"आणि ती टपालवाली?" कुणीतरी विचारलं.

"तिचा भोग होता. चाकानं तो हलका केला. नाहीतर प्राण गेला असता."

मला वाटलं, आता कुणीतरी याची कॉलर धरेल. पण घाबरलेल्या माणसाला कारणापेक्षा आधार आधी लागतो. बसमधून उतरलेली एक म्हातारी रडत रडत चाकाच्या पाया पडली. तिच्यामागे दुसरा. पोलीस पंचनामा करून गेले, आणि संध्याकाळपर्यंत ते चाक मिरवणुकीनं परत तिसऱ्या फलाटावर आलं.

बायको पाच वाजता घरी आली. चप्पल काढली नाही, तशीच उंबऱ्यावर उभी राहिली.

"टपालवालीला आमच्याकडेच आणलंय. गुडघ्याचा चुरा झालाय. तिच्या चादरी मीच बदलायला दिल्या."

मी मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बसमध्ये बेचाळीस माणसं होती. शेजारच्या आजी होत्या, माझ्याबरोबर काम करणाऱ्या चौघी होत्या. तुम्ही मला एकटीला उतरवलंत."

"मी सांगणार होतो."

"कुणाला? कधी?"

ती आत गेली. थोड्या वेळानं ती परत दारात आली. "उद्या तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. पण माझ्या तोंडून ते ऐकायची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढंच मला वाटतं."

पहाटे मी मावशीकडे गेलो. ती पहिल्या बसची काच पुसत होती. मी सगळं सांगितलं, सहीपासून. तिचं फडकं थांबलं.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मी त्यानंतर काकांना सांगितलं, की काळजी करू नका, पुरावानं तपासलंय." तिनं काचेचा राहिलेला कोपरा पुसला. मग फडकं पिळलं. "चल. दोन लिंबं घे कुठून तरी. मी खाटकाकडे जाऊन येते."

आठ वाजता फलाटावर आदल्या दिवसाच्या दुप्पट माणसं होती. चाक आता लाकडी चौकटीवर उभं केलं होतं. चक्रबाबा बेचाळीसच्या आकड्याचं माहात्म्य सांगत होता. चार आणि दोन मिळून सहा, आणि सहाव्या नटातूनच शक्ती बाहेर पडली, असं काहीतरी. मावशी गर्दीतून सरळ पुढे गेली आणि बादली त्याच्यासमोर ठेवली.

"महाराज, मी डाग काढणारी बाई. एक शंका आहे."

बाबानं मोठ्या मनानं मान हलवली. मावशीनं पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे काढले. एक चाकाच्या ओघळावर घासला. दुसऱ्यावर वाटीतलं बकऱ्याचं रक्त लावलं. दोन्ही तुकडे लोकांना दाखवले, आणि गार पाण्यात टाकून चोळायला लागली. पाणी गुलाबी झालं. रक्ताचा तुकडा फिका पडत गेला. चाकाच्या तुकड्यावरचा डाग होता तसाच.

"हे रक्त, ते निघालं. हे अश्रू, ते हटत नाहीत. आता बघा." तिनं लिंबू कापून डागावर पिळलं आणि चोळलं. थोडं थोडं करत तांबडं विरघळलं. पुढच्या रांगेतल्या बायका वाकून बघत होत्या. त्यांनी घरोघरी हे शंभरदा केलं होतं.

"हा तर गंज," एक बाई म्हणाली.

"दिव्य गंज," शिष्य म्हणाला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मग मी पुढे झालो. शाळांमध्ये बोलताना माझा आवाज कधी कापला नव्हता. त्या दिवशी पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

"तुम्ही मला ओळखता. या चाकाचे नट बसवणारा मी. चाक बसवल्यावर गाडी थोडी फिरली, की नट पुन्हा आवळायचे असतात. मी ते आवळले नाहीत, आणि आवळले म्हणून सही केली." मी चाकाच्या तबकडीवर बोट ठेवलं. "ही भोकं बघा. गोल हवीत, ही लांबट झालीत. नट सैल पडला की चाक त्याच्यावर पुढेमागे हलतं. लोखंडावर लोखंड घासतं, त्याची बारीक भुकटी निघते, तिला गंज चढतो. वरून पाणी टाकलं की तांबडा ओघळ. म्हणून पाणी घातल्यावर अश्रू यायचे. आधी तीन नट सैल पडले, त्यांचा भार बाकीच्यांवर आला, मग चौथा, मग पाचवा. आतले बोल्ट वाकून वाकून तुटले. टकटक आवाज यायचा तो जप नव्हता, हलणारं चाक होतं. या चाकानं कुणाला वाचवलं नाही. काकांनी वाचवलं. आणि टपालवाल्या बाईंना चाकानं नाही, मी पाडलं. मला पंधरा दिवस माहीत होतं."

मालक खांबाला धरून उभे होते. काका गर्दीतून पुढे आले, माझ्यासमोर थांबले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर चाललं असतं.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले, आणि निघून गेले.

चक्रबाबानं घसा साफ केला. "बघा, शक्तीची लीला. फिटर निमित्त झाला. नट सैल करणारी बुद्धी त्याला कुणी दिली?"

"मग तीच बुद्धी आज पुन्हा वापरतो," मी म्हणालो. "महाराज, तुमची जीप बाहेर उभी आहे. तिच्या एका चाकाचे नट सैल करतो. चार दिवसांत तेही रडायला लागेल, म्हणजे तुमच्याकडे दुसरं कालचक्र होईल. तुम्ही फक्त त्यात बसून रोज पुलाच्या उतारावरून जायचं."

"गाडीला हात लावू नका," बाबा म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"का? मुक्ती मिळेल की," मागून कुणीतरी बोललं, आणि आता हसणं उघड झालं.

तो उठला. झगा सावरत, शाप पुटपुटत जीपपर्यंत गेला. लोक मागोमाग गेले. जीपचा चालक आत बसण्याआधी खाली वाकला आणि सगळ्यांच्या देखत चारही चाकांचे नट एकेक करून हातानं हलवून पाहिले. त्या माणसावर माझा राग नाही. त्या सगळ्या लवाजम्यात शहाणा तेवढाच होता.

सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र झालं नाही. बाटलीत पाणी भरून नेलेल्या बाईनं ते आजही जपून ठेवलंय, असं ऐकतो. मी त्याच दुपारी पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. नोकरी गेली, जायलाच हवी होती. खटल्यात मी गुन्हा नाकारला नाही. सहा महिने आत काढले. बायको दर पंधरवड्याला भेटायला यायची. बोलायची थोडं, पण यायची.

आत जाण्यापूर्वी मी दवाखान्यात जाऊन त्या टपालवाल्या बाईंना भेटलो. पाय प्लास्टरमध्ये, डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघा आता वाकणार नाही. मी कोण ते सांगितलं. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. छताकडे बघत तिनं विचारलं, "ते नट पुन्हा आवळायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

तिनं मान माझ्याकडे वळवली. "आणि सांगायला?"

तिनं डोळे मिटून घेतले, आणि मी निघालो.

आता मी पुन्हा शाळांमध्ये जातो. राख आणि दिव्याचे प्रयोग दाखवत नाही. एक जुनं चाक घेऊन जातो, ओघळ अजून तसेच असलेलं, आणि ही सगळी हकिगत सांगतो, माझ्या सहीसकट. मुलं टाळ्या वाजवत नाहीत. एका मुलीनं विचारलं, "मग लबाड बाबा होता की तुम्ही?" मी सांगितलं, दोघंही. तो न कळणारी गोष्ट कळल्याचा आव आणत होता. मी कळलेली गोष्ट झाकत होतो, आणि त्यामुळेच त्याचं दुकान चाललं. कुठे चमत्कार दिसला, की त्याच्या आड काय लपतंय हे बघाच; पण कोण लपतंय, हेही बघा.

तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. चाक बदललं, की थोडं अंतर जाऊन नट पुन्हा आवळून घ्या. मेकॅनिक कंटाळला तर त्याच्यासमोर उभे राहा. नटाखालून तांबडा ओघळ दिसला, रंग उडून लोखंड चकाकताना दिसलं, मागून टकटक ऐकू आली, तर हात जोडू नका, गाडी थांबवा. तुम्ही प्रवासी असाल, बसमध्ये उभे असाल, तरी चालकाला सांगा. मागचे कुरकुरतील, उशीर होईल. होऊ द्या. खाली उतरा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.